वाघजाईचा सैपाक आन माझी पिशवी

न्हाई, मला येक सांगा, मानूस काय दिवा हाय का? वात हाय, तेल हाय, फुकर मारली की गेला… जी ती बाई उठती आन मला म्हनती, रत्नाबाई, घाबरू नका, विझताना दिवा मोठा व्हतो. अवो, पर दिवा मोठा झाला तर घर पेटतंय, ह्ये कसं कुनाच्या ध्यानात येत न्हाई? म्हातारी म्हनली तेच, तरनी म्हनली तेच, जिला सवताला आजून न्हान आलं न्हाई ती पोरगीबी पान्याच्या वाटंवर मला तेच शिकवाया लागली. आन म्या येडी ऐकत बसले. भातकापनीपास्नं चैतापतूर ऐकत बसले.

बसा वो, घाई करू नका. दगा म्हंजे काय आसतं ते आज तुमाला सांगते. शत्रूनं दिला तर त्याला दगा म्हनत न्हाईत, त्यो त्याचा धंदाच हाय. दगा देतंय ते आपलंच मानूस. आन मला तर दोन ठिकानांहून बसला, येक माज्या धाकट्या जावंनं दिला आन येक माज्या सवताच्या अंगानं.

म्हाराष्ट्र व्हायच्या आदीची गोष्ट. मुंबई कुनाची म्हनून तिकडं पुन्यात सभा चालल्या व्हत्या आन हितं लवळ्यात मी घोंगडं कुनाचं म्हनून बसले व्हते. घोंगडं म्हंजे कंचं, ते बायांना सांगाया नगं. न्हान आलं तवापास्नं दर म्हैन्याला ते घोंगडं काखंत मारायचं आन मागल्या पडवीत जाऊन बसायचं. भाकरी वरनं टाकायची, पानी वरनं वतायचं, कुत्र्यानं शिवलं तर चालतंय, आपुन कुत्र्याला शिवलं तर चालत न्हाई. माज्या सासूनं मला तिथं बसवलं, तिच्या माघारी चुलत सासूनं बसवलं. पाऊनशे म्हशी पाळल्या आसत्या तर त्यासुद्दा येवढ्या बांधून ऱ्हायल्या नसत्या.

माहेरी जाते म्हनलं तर माहेर कुटं हाय? माजं लगीन झालं आन पाठोपाठ माजं गाव मुळशीच्या धरनाखाली गेलं. सनाला जायाचं तर होडीत बसून खाली वाकून हाका माराया लागतील, आई गं, दार उघड. म्हनून मला आई म्हना, भन म्हना, समदी येकच, माजी जाऊ तुळजाबाई, भिवाजी दिराची बायकू. नवी नवरी म्हनून आली तवा तिला लुगडं नीट नेसता येत नव्हतं, म्या निऱ्या घालून दिल्या. तिची समदी बाळंतपनं म्या काढली, शेक म्या दिला, डिंकाचं लाडू म्या वळलं. माज्या पोटातलं तिला कळायचं, तिच्या पोटातलं मला. आसं आमी समजत व्हतो. म्हंजे मी समजत व्हते.

आता सैपाकाचं ऐका, त्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. आमच्या गावाला वाघजाई हाय, टेकडीवर. चैतात तिची जत्रा. त्या दिशी तिचा निवद रांधायचा मान आमच्या घराकडं. पर रांधनारी बाई कशी पायजे, तर जिचं म्हैन्याचं जाऊन वरीस उलटलंय आशी. आन घरात ज्या बायांचं गेलंय त्यांच्यातली थोरली. आमची चुलत सासू हा मान धरून बसली व्हती. ती काय मरंना आन माजं काय थांबंना. तिकडं तुळजाचं लवकरच थांबलं, चाळिशीतच. ती मोकळी. पर मान थोरलीचा, धाकटीनं वाट बगायची. ती वाट बगतीया म्हनून कदी बोलली न्हाई हां. फकस्त दर जत्रंला सैपाकघराच्या उंबऱ्याभायेर हुबी ऱ्हाऊन कढईकडं बगायची.

तुमी म्हनाल, सैपाकच तर हाय, घरी काय कमी रांधतीस व्हय? अवो, घरच्या सैपाकाला नावं ठेवत्यात, वाघजाईच्या सैपाकाला हात जोडत्यात. आमचे मालक, कुशाबा… नाव घेतलं बगा, हसू नका, येवढं समदं झाल्यावर आता कसली लाज… तर त्या मानसानं उभ्या जन्मात माज्या कालवनाला बरं म्हनलं न्हाई. आन चुलत सासू गेली, माजं बी येकदाचं थांबून वरीस सरलं, मी पयल्यांदा वाघजाईचं पुरन घाटलं, तवा समद्या गावाबरोबर ह्योच मानूस त्या पोळीम्होरं डोकं टेकून बसला. काय सांगू तुमाला. म्या घरी येऊन घोंगडं धुतलं आन म्हशीच्या पाठीवर टाकलं. म्हनलं, घे बाई, आता तू बस.

आन बगा अंगाची बेइमानी. त्या सुकाचं वरीसबी धड झालं न्हाई. भातकापनी आटपली आन येके दिशी लुगड्याला डाग. मेंदीच्या पान्यावानी, फिक्का. म्हनलं, कशावर तरी बसले आसंन. मंग परत. मंग गाठी पडाया लागल्या. तांबडंलाल, थांबायचं नाव न्हाई, दोन दिस बरं वाटायचं की पुन्ना सुरू. ज्या अंगाला म्या पन्नास वर्सं भाकरी घातली, त्यानं मला आसं गाठलं, नेमकं मान मिळाल्यावर. आदी न्हाई, चुलत सासू जित्ती आसताना न्हाई, नेमकं तवा.

सांगायचं कुनाला? सांगितलं की सैपाक गेला. मालकास्नी सांगू? म्हस वैरन खाईना झाली तर त्यास्नी बांधावरनं कळतं, बायकू जेवंना झाली तर म्हनत्यात उपास आसंल. मंग म्या युक्ती काढली. बयाबाई सुईन हाय आमची, तिच्याकडं गेले आन म्हनलं, बयाबाई, भुगावची येक बाई हाय, माज्या वळखीची. तिचं जाऊन वरीस झालं आन आता पुन्ना अंगावरनं जातंय, काय करावं तिनं? बयाबाई सुपारी कातरत व्हती, वरसुद्दा बगितलं न्हाई. म्हनली, भुगावच्या बाईला सांग, घाबरू नगं म्हनावं, विझताना दिवा मोठा व्हतो. उंबराच्या सालीचा काढा पी म्हनावं. म्या भुगावच्या बाईच्या वतीनं काढा प्याले. घागरभर प्याले आसंन. तोंड तुरट झालं, बाकी काय फरक न्हाई.

मंग नेऱ्याच्या लग्नात येकीला इचारलं, तीबी दिवा म्हनली. घोटवड्याच्या बाजारात येकीला इचारलं, ती तर म्हनली, नशीबवान हाय वो तुमची भुगावची बाई, पुन्ना तरनी झाली. तरनी! हितं टेकडी चढताना माज्या कानात पिपान्या वाजायच्या, चार पावलं टाकली की बसाया लागायचं, हाताची नखं पांढरीफटक पडली व्हती. पर मीबी मनाशी तेच घोकत बसले, दिवा हाय, दिवा हाय, विझंल. भ्या वाटलं ना, की मानसाला सोपी गोष्ट खरी वाटती.

म्हाशिवरात्र झाली आन माज्याच्यानं ऱ्हावंना. म्या तुळजाला मागं वड्यावर नेलं आन समदं सांगितलं. भुगावची बाई न्हाई, काय न्हाई, मीच ती, म्हनून सांगितलं. तिनं माजा हात धरला. डोळ्यात पानी आनलं. वाघजाईचा अंगारा कमरेच्या पिशवीत आसायचा तिच्या, तो कपाळाला लावून म्हनली, ह्या कानाचं त्या कानाला कळायचं न्हाई, आक्का. आन वर काय म्हनली आसंन? तीबी तेच. आक्का, विझताना दिवा मोठा व्हतो.

म्या म्हनलं, पर सैपाकाचं काय करू? आईला चालंल का? तर म्हनली, तुमचं मन काय सांगतंय? माजं मन सांगत व्हतं की आईला काय रगताची नवाई हाय? तिच्या म्होरं बोकडं पडत्यात, पायऱ्या भिजत्यात, तवा तिला इटाळ व्हत न्हाई आन माज्यानंच व्हतोय? म्या तसं म्हनले. तुळजा गप ऱ्हायली. ती गप ऱ्हायली तवाच मला समजाया पायजे व्हतं.

जत्रंचा दिस आला. म्या भल्या पहाटं डोक्यावरनं न्हाले, पक्का लंगोट मारावा तसं धडुतं बांधलं आन टेकडी चढले, कशी चढले माजं मला ठावं. पुरन शिजलं, घाटलं, पयली पोळी तव्यावर टाकली, फुगली बगा, टम्म. भायेर डफ वाजत व्हता, हैबतराव पाटील, भगत, समदी मंडळी बसली व्हती, आमचे मालकबी पटका बांधून. आन तुळजा उंबऱ्याशी आली. मला वाटलं तूप आनलं. तिनं माज्याकडं बगितलं न्हाई. भायेर तोंड करून पाटलांना म्हनली, "मामंजी, निवद थांबवा. आक्काला शिवायचं न्हाई. दिवाळीपास्नं."

डफ थांबला. तुमी कदी जत्रंत डफ थांबलेला ऐकलाय? म्या ऐकलाय. तव्यावर पोळी करपली, तिचा वास आला, पर कुनी उलथनं उचलंना. समदे माज्याकडं बगत व्हते आन मी आमच्या मालकांकडं बगत व्हते. म्हनलं, ह्यो तरी काय बोलंल. इतकं तरी म्हनंल की तिला बरं न्हाई. तर तो मानूस पटक्याचा सोगा नीट कराया लागला. त्या सोग्याचं काय अडलं व्हतं, देवाला ठावं.

पुरन म्हशींना घातलं. सैपाकघर गोमुतानं धुतलं. तुळजानं पदर खोचला, नवं पीठ मळलं आन निवद केला. मी खाली उतरले, येकटी, आन म्हशीच्या पाठीवरचं घोंगडं काढून पुन्ना मागल्या पडवीत.

आता ऐका गंमत. रीत काय हाय, तर थांबंपतूर भायेर बसायचं. थांबलं की न्हायाचं आन आत यायाचं. पर माजं थांबतंय कुटं? चार दिस झाले, आठ झाले, चैत सरला, वैशाख लागला, मी आपली पडवीतच. मालकांनी दोन वेळा पडवीच्या तोंडाशी येऊन इचारलं, थांबलं का? जसं काय मी हौसेनं चालू ठेवलंय. घरात चूल कोन पेटवनार? सुना वायल्या ऱ्हात्यात. तुळजा दोन घरांचं रांधून रांधून वैतागली, आन तिच्या हाताला तिखटाचा अंदाज न्हाई, मालकांच्या पोटात आग पडाया लागली. बायकूच्या रगतानं जो मानूस हलला न्हाई तो जावंच्या आमटीनं हलला. तिसऱ्यांदा आले आन म्हनले, "चल पुन्याला. ह्ये काय खरं न्हाई."

तुळजाच म्हनली म्हनं त्यास्नी. दाखवून आना येकदा, दोन चुली मला व्हत न्हाईत.

बैलगाडीनं पिरंगुटापतूर, तितनं यस्टी. पुन्यात बायकांच्या दवाखान्यात डाक्टरीनबाई व्हती, कपाळाला ठसठशीत कुकू, आवाज मऊ, पर नजर आशी की लबाडी जागच्या जागी मरावी. तिनं इचारलं, काय होतंय? आन मला सवय लागल्याली, तोंडातनं गेलंच, भुगावची येक बाई हाय… समदं सांगितलं. बंद होऊन वरीस झालं, मंग दिवाळीपास्नं परत सुरू, गाठी पडत्यात, धाप लागती. डाक्टरीनबाईनं समदं ऐकून घेतलं आन म्हनली, "त्या बाईंना इथं घेऊन या. तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

म्या म्हनलं, "ती आलीया."

ती हसली न्हाई. उठून माज्या डोळ्याची खालची पापनी वढून बगितली, जीभ बगितली, आन खुर्ची माज्याजवळ आनली. म्या म्हनलं, बाई, समद्या म्हनत्यात विझताना दिवा मोठा व्हतो. तर काय म्हनली, ध्यानात ठेवा बायांनो, म्हनली, "पाळी जायच्या दिवसांत मागंपुढं होतं, कमीजास्त होतं, ते खरं. तरी फार जायला लागलं तर दाखवावंच. पण एकदा वर्षभर बंद झाल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला, तर तो दिवा नव्हे. तो कशाचा आहे ते बघावंच लागतं. साधा मस असेल, आतलं अस्तर जाड झालं असेल, नाहीतर वाईटही असेल. वरून मलाही ओळखता येत नाही, तुमच्या गावाला कसं आलं?"

येवढ्या बाया येवढ्या दिवसांत बोलल्या, पर आतमंदी बगावं आसं येकीलाबी वाटलं न्हवतं.

मंग तपासलं. कसं ते इचारू नका, मी छताकडं बगत व्हते आन वाघजाईचं नाव घेत व्हते. म्हनली, पिशवी थोडी मोठी लागती, आतलं खरवडून काढून दुर्बिनीखाली तपासाया पायजे. पर आदी अंगात रगत न्हाई, ते चढवाया लागंल. मालकांचं जुळंना. भिवाजी भावजी आलेच न्हाईत, म्हनले भाजावळीची, रानात राब जाळायची कामं हायेत. आली कोन? तुळजा. दंड उघडा करून टेबलावर निजली. तिचं जुळलं. आता काय म्हनावं ह्याला? जिनं माजं रगत गावभर केलं, तिचंच बाटलीत भरून मला चढवलं.

मला भूल देऊन खरवडलं. जे निघालं ते तपासाया धाडलं, आन तवापास्नं आमी वाट बगत पडलो. तुळजा माज्या खाटंखाली चटई टाकून ऱ्हायली, म्हनली, तिकडं दुसरं कोन हाय तुमचं? मालक दिवसभर भायेर बाकावर. चा आनतो म्हनून जायाचे आन रिकाम्या हातानं परत यायाचे, कशाला गेलो तेच इसरायचे. येवढ्या वर्सांत त्यो मानूस माज्यासाठी काय इसरलेला म्या पयल्यांदा बगितला.

निकाल आला. डाक्टरीनबाईनं दोगांना बसवून सांगितलं, कॅन्सर हाय. मालकांनी यस्टीच्या फाट्यावर तेवढाच शब्द ऐकल्याला, म्हनले, क्यान्सल? काय क्यान्सल झालं? ती म्हनली, न्हाई बाबा, वाईट रोग, पर आजून पिशवीच्या आतच हाय, भायेर आला न्हाई. पिशवी काढली तर बाई ऱ्हातील. आन मंग म्हनली, "आणखी सहा महिने घरी काढले असते तर मी काही करू शकले नसते. कुणी पाठवलं तुम्हाला?"

मालक म्हनले, माज्या भावजयीनं.

झालं. तितनं फिरली गोष्ट. त्या येका वाक्यानं.

आपरेशनच्या आदल्या दुपारची सांगते. तुळजा माज्या उशाशी मोसंबं सोलत व्हती. म्या म्हनलं, हितनं परत येते न्हाई येते, इचारून घ्यावं. म्या इचारलं, "तुळजा, खरं सांग. त्या दिशी उंबऱ्यावर बोललीस, ते माज्या जिवाच्या काळजीनं बोललीस का?"

तिनं समदं मोसंबं सोललं. फोडींच्या शिरा काढल्या. येक फोड माज्या हातावर ठेवली आन म्हनली, "न्हाई, आक्का. मला सैपाक पायजे व्हता."

म्या फोड मुठीत धरली.

म्हनली, "मलाबी दिवाच वाटला व्हता. ह्ये आसलं काय आसंल आसं सपनातबी न्हवतं. तुमी मरंपतूर कढई सोडली नसती, आन मी उंबऱ्याभायेरच म्हातारी झाले आसते. आता दवाखान्यात हाय, खोटं बोलवत न्हाई."

काय सांगू तुमाला, त्या घडीला कसं झालं. थोबाडीत मारावी तर हाताला सुई लावल्याली. रडावं तर ती आदीच रडत व्हती. येवढं मात्र खरं की, काळजीनंच बोलले, आसं ती लबाड बोलली आसती, तर मी सुकानं निजले आसते. फोड खाल्ली म्या. गोड व्हती.

पिशवी काढली, मी जगले, हितं तुमच्या म्होरं बसले. आन गावात आले तर काय बगते, तुळजाबाई देवी झाल्याली. हैबतराव पाटलांनी जत्रंच्या मंडळींम्होरं सांगितलं, ह्या बाईनं लाज सोडून सांगितलं म्हनून रत्नाबाई वाचली, आईनंच तिच्या तोंडातनं बोलवलं. मलाच तिची वटी भराया लावली, नारळ दिला, खन दिला, लुगडं नेसवलं. आन निवदाचा मान जलमभर तिला. माजं आता येक थेंब जायाचं न्हाई, पिशवीच न्हाई तर इटाळ कुटला, आख्ख्या मुळशीत माज्यायेवढी सोवळी बाई सापडायची न्हाई. पर डाक्टरीनबाईनं जड उचलाया बंदी केलीया, कढई उचलायची न्हाई, पुरन घाटायचं न्हाई. तवा उंबऱ्याभायेर मी हुबी ऱ्हाते आन आत ती.

खरं कुनाला सांगू? खरं फकस्त दोघींनाच ठावं, येक ती आन येक मी. सांगाया गेले तर लोक म्हनतील, बगा, जीव वाचवला तरी उलटली.

आन तुमाला म्हनून सांगते, तिचं पुरन पातळ व्हतंय. गूळ जास्त, जायफळ न्हाईच. पोळी लाटताना फुटती. म्या ह्या साली नुसतं म्हनलं, तुळजा, वाईच आटू दे की. तर आमच्या मालकांनी, त्या सोगा नीट करनाऱ्या मानसानं, समद्यांदेखत मला झापलं. म्हनले, जिनं जीव वाचवला तिला नावं ठेवतीस?

म्या पातळ पुरनाची पोळी गपगुमान खाल्ली. काय करनार. जीव वाचला बायांनो, पर भांडायची सोय गेली.